हिरव्या बादलीचं पहिलं वर्ष

आमच्या गल्लीत भांडणाला कधी तोटा नव्हता. पार्किंगवरून व्हायचं, कुत्र्यांवरून व्हायचं, टँकरच्या पाण्यावरून तर रोजच. पण ती भांडणं संध्याकाळपर्यंत मिटायची. हिरव्या बादलीचं भांडण मात्र पावसाळ्यात सुरू झालं ते दिवाळीपर्यंत पुरलं. आणि ते आम्ही जिंकलो. हे आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट पोटात ठेवता येत नाही, आणि जिंकल्याची मस्ती अजून अंगातून उतरलेली नाही.

दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. पुण्याजवळ सूसला आम्ही नवीन रो-हाऊस घेतलं होतं. गल्लीत बहुतेक सगळे आमच्यासारखेच नोकरीपायी आलेले. कुणी नगरचे, कुणी अकोल्याचे, आम्ही बार्शीकडचे. सकाळी गाड्या काढायच्या, बाणेरच्या रस्त्याला लागायचं, अंधार पडता पडता परत. बिल्डरने नकाशात बाग दाखवली होती, मुलांना घसरगुंडी दाखवली होती. कचरा कुठे जाणार ते दाखवलं नव्हतं आणि आमच्यापैकी एकानेही ते विचारलं नव्हतं. एक माणूस हातगाडीवर कचरा घेऊन जायचा. नेऊन टाकायचा कुठे, तर भिंतीपलीकडे, ओढ्याच्या काठावर.

त्या ओढ्याच्या काठावर काकूंची विहीर होती. आमची घरं ज्या जमिनीवर उभी, ती यांच्याच घरची. बरीचशी बिल्डरला गेली, उरलं ते एक वावर, दोन म्हशी आणि सासऱ्यांनी खणलेली ती विहीर. काकू पन्नाशीच्या, उंच, तोंडाने तिखट. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत मेथी-कोथिंबीर विकायच्या. घासाघीस करणाऱ्याला सरळ सांगायच्या, "परवडत न्हाई तर खाऊ नगा."

एक दिवस काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आपली भाजीसाठी म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी भाजीचं नाव काढलं नाही. मला विहिरीवर नेलं, बादली सोडली, वर ओढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. पाण्यावर हिरवट तवंग, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला.

"नाक कशापायी धरताया? तुमचंच हाय. पावसात सगळं झिरपून हितं येतंय. हे पानी आमी पेत होतो. आता म्हशीबी तोंड लावंना. सून सकाळ-संध्याकाळ हंडा घिऊन देवळापाशी नळावर जाती. तुमी शिकलेली मानसं. सांगा, घरात विहीर असून मी नळावर रांग का लावू?"

मला राग आला.  आमच्याकडे माझ्या रागाला सगळे टरकून असतात, अपवाद फक्त सासूबाईंचा. त्याच तिरमिरीत मी काकूंना स्कूटीवर मागे बसवलं आणि ग्रामपंचायत गाठली. पंचायतीत एक सदस्य भेटले. मी बोलत सुटले. त्यांनी चहा मागवला, मला बोलू दिलं, आणि मग शांतपणे म्हणाले, "आमचं ठरलंच हाय. ट्रॉली सुरू करनार. ओला कचरा निराळा, सुका निराळा. ओल्याचं गायरानात खड्डे करून खत करायचं. पर ताई, तुमची लोकं देतील का निराळा करून? मला तर वाटत न्हाई."

"देतील."

"मग असं करू. पयली तुमची गल्ली. दिवाळीपत्तुर बघू. जमलं तर ओढ्याकडचा ढीग उचलतो, कायमचा. न्हाई जमलं तर ट्रॉली बंद, आनि ढीग हाय तितं ऱ्हाईल."

"जमेल. मी शब्द देते," मी म्हणाले. काकूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत काही फार विश्वास होता असं मी म्हणणार नाही.

झालं. आठवड्याभरात घरटी एक हिरवी बादली आली. सकाळी ती फाटकाबाहेर ठेवायची. ट्रॅक्टर येणार, ट्रॉलीला मधोमध फळी घातलेली, एकीकडे ओला, दुसरीकडे सुका. इतकं सोपं. लहान मुलालाही कळेल असं.

आमच्या गल्लीला कळलं नाही. त्याचं कारण मूर्खपणा नव्हे, टापटीप. आपल्या माणसाला कचरा उघडा द्यायची लाज वाटते. काल काय खाल्लं, किती टाकलं, हे चारचौघांत दिसता कामा नये. म्हणून प्रत्येक घरातून भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर गाठ, आणि मग ती पिशवी बादलीत. बादली कशी अगदी स्वच्छ! ट्रॅक्टरवाला कमी बोलणारा माणूस. तो खाली उतरायचा, पिशवी उचलायचा आणि ज्याची त्याच्या फाटकाला अडकवून पुढे जायचा. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाच्या स्वागताला त्याच्याच घरची, दिवसभर उन्हात शिजलेली पिशवी.

मग सगळे माझ्याकडे यायचे. शब्द मी दिला होता ना! सोसायटीचे चेअरमन, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पायजमा घालणारे गृहस्थ. ते फाटकात उभे राहून म्हणाले, "मॅडम, आम्ही कचरा निवडायला इथे घर घेतलंय का?"

"नाही," मी म्हणाले, "दुसऱ्याच्या विहिरीत टाकायला घेतलंय."

ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. न बोलोत. मी सकाळी गाऊनवर ओढणी टाकून, हातात जुना चिमटा घेऊन गल्लीभर फिरू लागले. झाकण उघडायचं, आत पिशवी दिसली की बेल वाजवायची. "वहिनी, गाठ सोडा." कुणाच्या बादलीत दाढीचं ब्लेड, कुणाच्या बादलीत औषधाची बाटली. एका घरी तर आख्खा झाडू. माझ्यामागे मला कचराताई म्हणत, हे मला आमच्या ह्यांनीच हसत हसत सांगितलं. त्या दिवशी त्यांना डब्याला कारलं दिलं.

पण हळूहळू गाठी सुटायला लागल्या. लाज म्हणावी तर ती दोन्हीकडून काम करते. उघडा कचरा द्यायची लाज होती, तशी फाटकाला पिशवी लटकण्याचीही लाज वाटायला लागली. गणपती उठले तोवर गल्लीतल्या बहुतेक बादल्या ताळ्यावर आल्या होत्या. काकू पुन्हा पाटी घेऊन येऊ लागल्या, नळाच्या पाण्यावर जगवलेली चार जुड्या कोथिंबीर का होईना. मी हवेत होते. दिवाळी आपल्या खिशात आहे असं मला वाटायला लागलं.

आता सासूबाईंकडे येते. सासूबाई शेतकऱ्याघरच्या. देठं आणि सालं वेगळी ठेवण्यात त्यांना कसलंच नवल वाटलं नाही. "आमच्या वाड्यावर ढोरांपुढं टाकायचो, इथं बादलीत टाकायचं." पण निर्माल्याला मी हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "देवाची फुलं हाडकांत अन् कांद्यात टाकू व्हय? माजं मी बघते." त्या रोजची फुलं पिशवीत भरायच्या, जुन्या इरकली लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून तिने पिशवीचं तोंड बांधायच्या आणि मुलाच्या हातात द्यायच्या. आमचे हे ऑफिसला जाताना पुलावरून नदीत सोडत. निदान सासूबाईंची आणि माझी तशी समजूत होती. मीही म्हटलं, असू दे, म्हाताऱ्या माणसाशी कुठे वाद घाला.

नवरात्र आलं. गल्लीतल्या अर्ध्या घरांत घट बसतात. आमच्याकडे तर तुळजापूरची देवी, सासूबाईंचे नऊ दिवस कडक. घटाला काळी माती हवी, ती त्यांनी काकूंच्या वावरातून मागून आणली. रोज एक माळ. झेंडूची, शेवंतीची, कारळ्याच्या फुलांची. घर नुसतं घमघमत होतं.

आणि सातव्या की आठव्या माळेच्या सकाळी काकू आल्या. डोक्यावर पाटी नव्हती. हातात विहिरीत पडलेली भांडी काढायचा गळ होता, आणि गळाला पाणी गळणाऱ्या पिशव्या.

"वरनं पावसानं येत हुतं तवर गप बसले. आता तुमी हातानं टाकाया लागला. विहिरीत वाकून बगा, आख्खी फुलांनी भरलीया. ट्रॉली नगं, बादली नगं, काय नगं मला. सदस्याला सांगून आले मी. तुमाला न्हाई जमायचं हे."

 माझ्या लक्षात आलं ते असं. बादलीत निर्माल्य टाकायला कुणाचा हात धजत नव्हता. देवाचं ते पाण्यात सोडायचं. नदी लांब, ओढ्यात घाण. मग जवळचं खोल पाणी कुठलं? भिंतीपलीकडची विहीर. म्हणजे भक्तिभावाने, पाया पडून, हे लोक काकूंच्या विहिरीत प्लास्टिक सोडत होते.

संध्याकाळी आरतीला सगळे जमले तेव्हा मी कुणाची भीडभाड ठेवली नाही. ज्याने हे केलं त्याने देवीसमोर सांगावं, म्हटलं. एका बाईचं पाणी नासवून कसली पूजा करता, म्हटलं. सगळे एकमेकांकडे बघत होते. आमचे हे कान खाजवत कापूर शोधत होते. सासूबाई मात्र जोरात मान डोलवत होत्या. "बरोबर बोलली. अशानं देवी पावंल का?"

दसऱ्याच्या दिवशी घट उठले. सासूबाईंच्या गावची रीत अशी की घटाखालची माती वर आलेल्या धानासकट शेतात नेऊन टाकायची. शेत आता इथे कुठलं? "जिथनं आणली तिथंच नेऊ," त्या म्हणाल्या. पत्रावळीवरची माती हातात, मागून मी, अशा आम्ही काकूंकडे गेलो. खरं तर माझी जायची हिंमत नव्हती. सासूबाई होत्या म्हणून गेले.

विहिरीच्या कडेला काकूंनी उपसून काढलेल्या पिशव्यांचा ढीग घातला होता. सासूबाई त्याच्यापाशी थांबल्या. मीही वाकून बघितलं. ढिगात तीन-चार पिशव्यांची तोंडं इरकली काठाच्या पट्टीने बांधलेली होती. अख्ख्या सूसमध्ये तसा काठ एकाच घरात फाटत होता.

मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. पण सासूबाई आधी बोलल्या, अगदी सरळ, "ही माजी हाय. ही पण. ही पण माजीच."

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "मग आता?"

"आता काय. आधी ही माती घे." सासूबाईंनी बांधावर बसून घटाची माती हाताने पसरली, धानाचे पिवळे कोंब त्यात नीट उभे केले, नमस्कार केला. मग त्या तशाच बसून राहिल्या. एकदा मातीकडे बघत, एकदा ढिगाकडे. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. त्या म्हणाल्या, "माती देवाची, ती वावरात चालती. धान देवाचं, ते वावरात चालतं. मग माळंनंच काय केलंय गं?"

हे त्या कुणाला विचारत होत्या कोण जाणे.  सासूबाईंनी एक पिशवी ओढून घेतली, पट्टी सोडली आणि कुजलेला झेंडू बांधावर ओतला. मग दुसरी. मी शेजारी बसले आणि प्लास्टिक वेगळं काढू लागले. भयंकर घाण वास येत होता. थोड्या वेळाने काकू आत गेल्या, कुदळ घेऊन आल्या आणि बांधाच्या अंगाला खड्डा खणू लागल्या. "फुलं हितं टाका. हाडकं-कांदं न्हाई येनार हितं. निस्ती देवाची," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर कोर्ट बसलं. सासूबाईंनी मुलाला समोर उभं केलं. ऑफिसात मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, पण आईसमोर शर्टाचं बटण चाळवत उभा. "आई, पुलावर गाडी थांबवता येत नाही गं. मागून हॉर्न मारतात. आणि शेवटी पाणीच ना ते?"

"पेतोस का ते पाणी?"

बास. कोर्ट उठलं. मला तर हसूही येत होतं आणि रडूही. आरतीत सगळ्या गल्लीसमोर एवढा तोरा मिरवला आणि चोर आपल्याच घरात चप्पल घालून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमटा घेऊन बाहेर पडणार, तर सासूबाई माझ्याआधी तयार. धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात वेताची नवीकोरी टोपली. पहिल्या फाटकाशी जाऊन म्हणाल्या, "देवाची फुलं द्या. शेतात नेते. आमची पण आहेत ह्याच्यात. विहिरीत टाकलेल्यांत आमचीही होती, आता नाही टाकणार." असं प्रत्येक दारात. आपली चूक ही बाई एवढ्या ताठ मानेने सांगत होती की ऐकणाऱ्यालाच ओशाळं व्हायचं. देवाच्या फुलांसाठी दारात आलेल्या म्हातारीला नाही कोण म्हणणार? लोक आतून ताम्हण घेऊन यायचे, ओंजळीने फुलं टोपलीत घालायचे, वर पाया पडायचे. आणि जाता जाता सासूबाई हिरव्या बादलीचं झाकण उचलून बघायच्या. आत दुधाची पिशवी दिसली की नुसतं "अगंबाई" म्हणायच्या. मला दोन महिने घसा फोडून जे जमलं नव्हतं, ते त्या एका "अगंबाई"त व्हायचं. मी जळले. खोटं कशाला बोलू? पण जळता जळता माझी छाती अभिमानाने फुगत होती.

मी सदस्यांकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत म्हटलंय, तर दिवाळीपर्यंत. पण मी स्वतः येऊन बघणार.

वसुबारसेला सकाळी ते आले, ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी बसून. रस्त्यावर ताडपत्री अंथरली आणि म्हणाले, "एकेक बादली उलटी करा." सगळी गल्ली बाहेर आली होती. कुणाच्या हाताला रांगोळी, कुणाच्या हाताला बेसन. पहिली बादली. सालं, देठं, चोथा. दुसरी तशीच. तिसरीत जळक्या चकल्या निघाल्या, त्यावर सगळे हसले आणि त्या घरच्या वहिनी आत पळाल्या. काकू भिंतीच्या पलीकडून मान उंच करून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

शेवटचं घर चेअरमनसाहेबांचं.  हा मनुष्य मुद्दाम काहीतरी घालणार, मला खात्री होती. त्यांनी इस्त्रीच्या पायजम्यात स्वतः बादली आणली, स्वतः उलटी केली. फोडणीतला कढीपत्ता, लिंबाची सालं, शेंगांची टरफलं. सदस्यांनी काठीने चाळलं. काही नाही. चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "टी-बॅगांचे दोरेसुद्धा काढून टाकलेत. आजी रागावतात."

सदस्यांनी काठी खाली टाकली. "जमलं म्हनायचं तुमाला. दिवाळी झाली की ढीग उचलतो."

मी शिट्टी मारली. होय, साडी नेसून, भर रस्त्यात, दोन बोटं तोंडात घालून. लहानपणी बार्शीला शिकले होते ती कला. सासूबाईंनी डोळे मोठे केले आणि मग त्यांनाच हसू आवरेना.

ढीग उठला. जेसीबी आला, दोन दिवस खेपा चालल्या. पण ढीग गेला म्हणून पाणी लगेच सुधारत नाही. वैशाखात पाणी तळाला गेलं तेव्हा विहीर उपसायला काढली. गल्लीतले लोक सुट्टीच्या दिवशी रांगेत उभे राहून घमेली देत होते. खाली गाळात कोण उतरणार असा प्रश्न आला तेव्हा सासूबाईंनी विचार करायला वेळच दिला नाही. "आमचा उतरंल की." आमचे हे संध्याकाळी वर आले ते ओळखू येत नव्हते, आणि मी पोटभर हसून घेतलं. पाऊस पडला, झरे मोकळे झाले. विहीर भरल्यावर पाणी तपासायला पाठवलं. पिण्याजोगं आहे, असं कळलं.

कळलं त्याच दिवशी काकूंनी मला आणि सासूबाईंना हाक मारली. कळशी सोडली, वर ओढली, तांब्या भरला आणि वडीलधाऱ्या म्हणून आधी सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी तो परत काकूंच्याच हातात दिला. "विहीर तुजी. आधी तू पी."

काकू उभ्यानेच प्यायल्या. मधे दम घेतला नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून चोळीवर ओघळत होतं, त्यांनी पुसलं नाही. तांब्या रिकामा झाला तशी त्यांनी दुसरा भरून आमच्या हातात दिला. मी प्यायले. थंडगार होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात घरातून त्यांची सून बाहेर आली, कमरेवर रिकामा हंडा, नळावर निघालेली. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठिव तो हंडा. नळावर जायाचं न्हाई आता."